चष्मेवाल्याची गाडी

११ जानेवारी, रविवार

आली एकदाची! दोरीने ओढून आणली. मागे चार जण ढकलायला आणि पुढे जावई, दोन्ही हात हलवत — जसा काही विमान उतरवतोय.

गाडी म्हणायचं म्हणून गाडी. गोल दिव्यांची, चाळीस-पंचेचाळीस वर्षांपूर्वीची, कुणाच्या तरी शेडमध्ये पडून होती. खालचा पत्रा बोटाने टोकरला तर बिस्किटासारखा तुटला. मागच्या सीटमध्ये उंदरांच्या सात पिढ्या नांदल्यात. आणि हा म्हणतो, दीड वर्षात ही रस्त्यावर धावेल. मी म्हटलं, उतार असेल तर आजही धावेल.

लेक हसली. तो नाही हसला.

चौतीस वर्षं मी बस डेपोच्या वर्कशॉपमध्ये काढली, त्यातली अकरा फोरमन म्हणून. हा चष्म्याच्या दुकानात बसतो. लोकांना भिंतीवरची अक्षरं वाचायला लावतो आणि नाकावर काचा ठेवतो. आता हा गाडी उघडणार, जोडणार आणि चालवणार. माझी बायको गेल्यापासून तीन वर्षं लेकीकडे राहतोय, त्यामुळे तोंडावर 'तुम्ही' आणि 'जावईबापू'. इथे कुणी वाचत नाही. इथे तो चष्मेवाला.

माझी खोली वरच्या मजल्यावर. खिडकी नेमकी गॅरेजच्या दारावर उघडते. म्हणजे तमाशा रोज, तोही पहिल्या रांगेतून.

१६ जानेवारी

नवा कोरा बॉयलर सूट आणलाय, फिटर लोकांचा गळ्यापासून घोट्यापर्यंतचा, निळा. अकरा खिसे. मी मोजले. हातमोजेही आहेत. हातमोजे घालून नट कळतो का कधी? बोटाला कळतं, आटे धरलेत की नाही ते. डेपोत हातमोजे घालून आला असता तर पोरांनी त्याला लग्नाचा नवरा म्हणून मिरवलं असतं.

१९ जानेवारी

आज एक नट. आख्खी संध्याकाळ एक नट.

२४ जानेवारी

तोच नट! सहावा दिवस. मोबाइल बॉनेटवर उभा करून ठेवतो, त्यात कुठला तरी दाढीवाला गोरागोमटा माणूस सांगतो, हा ऐकतो, पाना लावतो, पुन्हा ऐकतो. शेवटी राहवेना म्हणून खाली गेलो. सांगितलं, जावईबापू, गंजलेला नट आधी सैल करायचा नसतो. आधी केसभर आवळायचा, गंज मोडतो, मग उलटा फिरवायचा. तो म्हणाला, "बाबा, आता असं कोणी करत नाही." आणि पाईप लावून लटकला पान्याला.

नट तुटला. बोल्टसकट.

मी हसलो. बराच वेळ हसलो.

१ फेब्रुवारी, रविवार

याची टोळी आली होती. जुन्या गाड्यांचे शौकीन म्हणे. एक दातांचा डॉक्टर, एक जमिनीचे व्यवहार करणारा, एक कोण ते कळलंच नाही — सतत फोटो काढत होता. एकाच्याही नखात काळं नाही. चहा झाला, दुसरा चहा झाला. गाडीभोवती फिरले, जसे पाहुणे बाळ बघायला येतात. दातवाला गंजावर बोट फिरवत म्हणाला, "काय सुंदर पॅटिना आहे!" गंजाला पॅटिना म्हणतात हे. आमच्याकडे गंजाला गंज म्हणायचे आणि ज्याच्या गाडीवर सापडेल त्याचा पगार कापायचे.

उथळ पाण्याला खळखळाट फार. चौघांत मिळून एक पाना नीट धरता येत नाही.

८ फेब्रुवारी, रविवार

टोळी पुन्हा आली. आज मी मुद्दाम खाली खुर्ची टाकून बसलो. चष्मेवाला त्यांना ब्रेक कसे चालतात ते समजावत होता. उलटं सांगत होता. मी ऐकून घेतलं, ऐकून घेतलं, मग म्हटलं, "जावईबापू, तुमच्याकडे तो अक्षरांचा तक्ता आहे ना, तो इथे लावा. आधी नट दिसतोय का ते तपासू, मग ब्रेकचं बघू."

टोळी खो-खो हसली. जमीनवाल्याने तर मांडीवर थाप मारली. चष्मेवाल्याचे कान लाल झाले. चष्मा काढून पुसत बसला, स्वच्छ होता तरी.

बरं वाटलं. खरं सांगायचं तर फार बरं वाटलं.

९ फेब्रुवारी

लेक सकाळी खोलीत आली. दार लावून घेतलं, तेव्हाच ओळखलं. म्हणाली, तुम्ही असं बोललात की तो दोन-दोन दिवस दुकानातही गप्प असतो. त्याचे वडील त्याला कधी काही शिकवायला उरलेच नाहीत. तुम्ही इकडे राहायला येणार ठरलं तेव्हाच त्याने गाडी बघायला सुरुवात केली होती. मी म्हटलं, म्हणजे ही मढ्याची मिरवणूक माझ्यासाठी होय? तिने माझ्या पलंगावरची चादर ओढून सरळ केली. मग म्हणाली, "बाबा, एक तर त्याला नीट शिकवा, नाहीतर त्याच्या कामाबद्दल एक शब्द बोलू नका. दोन्हीपैकी एक करा."

ठीक आहे. दुसरं करतो. शिकवायला समोर शिकणारा लागतो, अकरा खिशांचा बॉयलर सूट नाही.

आजपासून तोंडाला कुलूप. बुडू दे त्याला त्याच्या पॅटिनात.

१३ फेब्रुवारी

चार दिवस झाले. गप्प बसणं इतकं सोपं असतं हे माहीत नव्हतं. जेवताना तो विचारतो, बाबा, क्लचची तार नवी टाकू की जुनीच ठेवू? मी म्हणतो, तुम्हाला योग्य वाटेल ते. त्याचा चेहरा पडतो. लेकीला तक्रारीला जागा नाही. सांगितलं तसंच वागतोय मी!

२० फेब्रुवारी

दारांवरची लांबी खरवडतोय. लांबी म्हणजे पत्र्याचे खड्डे भरायचा लगदा. आधीच्या कुणीतरी बोट-बोट थापलीय. याने काय करावं? पत्रा ठोकून सरळ करायचं सोडून वरून नवी थापली. खड्ड्यावर खड्डा. नाचता येईना अंगण वाकडं — हा आता म्हणतो, पत्राच खराब आहे.

२७ फेब्रुवारी

एक गोष्ट लिहून ठेवतो, कुणाला सांगणार नाही. सगळ्या वायरी नव्या घातल्यात त्याने. आज तो दुकानात असताना जाऊन पाहिल्या. एकही सांधा उघडा नाही. प्रत्येक वायरीला लहानशी चिठ्ठी, बारीक अक्षरात — डावा दिवा, उजवा दिवा, भोंगा. डेपोतल्या इलेक्ट्रिशियनला आयुष्यात जमलं नव्हतं असं काम.

चष्म्यांचे स्क्रू फिरवणारी बोटं. तेवढं येणारच. बाकी अंधार.

६ मार्च

हँडब्रेकची तार काढली. गंजलेली होती, काढायलाच हवी होती. नवी अजून मिळालेली नाही. काढून भिंतीवर टांगून ठेवलीय, जशी काही वाघाची कातडी.

११ मार्च

एक शब्द नाही. एक महिना झाला. लेक म्हणाली, घरात किती शांत वाटतंय. वाटेलच.

१९ मार्च, गुरुवार

आज जे पाहिलं त्याला काय म्हणावं!

पुढची दोन्ही चाकं काढलीत. गाडी पुढून उचलून धरायला लोखंडी घोड्या लागतात. जाड पायांच्या तिपाया असतात त्या, चासीखाली लावायच्या. याच्याकडे त्या नाहीत. दाराच्या हँडलला चकाकी आणायचं द्रावण आहे, घोड्या नाहीत. जॅक एकच, तोही त्याच्या रोजच्या गाडीतला, छत्रीच्या काड्यांसारखा. तो बाजूला हवा म्हणून साहेबांनी काय केलं? सिमेंटच्या पोकळ विटा आणल्या. दोन्ही बाजूंना तीन-तीन, उभ्या, एकावर एक. वर लाकडाची फळी. त्यावर गाडी टेकवून जॅक काढून घेतला.

पोकळ वीट. उभी. दगडापेक्षा वीट मऊ म्हणतात, ते याने भलतंच मनावर घेतलं. शिवाय गॅरेजची फरशी दाराकडे उतरती, धुतलेलं पाणी बाहेर जावं म्हणून. हँडब्रेक नाही. मागच्या चाकांना साधा दगडही नाही.

डेपोत एका फिटरने एकदा बसखाली विटा लावल्या होत्या, त्याही भरीव. सगळ्यांदेखत त्याच्या कानाखाली मारली होती मी. नंतर तीन महिने त्याच्याशी बोललो नाही. आणि तो नवशिका नव्हता, नऊ वर्षांचा जुना माणूस होता.

विटा लावून झाल्यावर चष्मेवाल्याने हात झटकले, दोन पावलं मागे गेला, मान तिरकी करून पाहिलं. मग वर माझ्या खिडकीकडे पाहिलं. मी उभा होतो. हललो नाही. बोललो नाही. मला बोलू नका सांगितलंय ना?

त्याने मान डोलावली आणि शटर ओढलं.

रविवारी टोळी येणार आहे. तेव्हा सांगतो. सगळ्यांसमोर, नावानिशी, एकेका विटेवर बोट ठेवून. लेकीची अट त्या दिवशी मोडेन. पण अशी मोडेन की पुन्हा गॅरेजचं शटर उघडायची याची हिंमत होणार नाही.

२० मार्च, शुक्रवार

सकाळी चहाला समोर होता. जिभेवर आलं होतं — त्या गाडीखाली जाऊ नका. एवढंच वाक्य. तेवढ्यात तो लेकीला सांगायला लागला, कुठला बोल्ट किती आवळायचा याचा तक्ता मिळालाय, आता कसं सगळं शास्त्रोक्त होणार. शास्त्रोक्त! खाली विटा आणि वर शास्त्र. मी कप ठेवला आणि उठलो.

दोन दिवस तर राहिलेत. कामाच्या दिवशी तो गाडीखाली जातच नाही, उशिरा येतो दुकानातून.

२३ मार्च, सोमवार

शनिवारी त्याचं दुकान अर्धा दिवस असतं. हे मला माहीत आहे. लेकीच्या लग्नापासून, सात वर्षं माहीत आहे.

दुपारी मी पेपर वाचत होतो. आवाज आला. आधी खर्र, मग ठप्प. मोठा नव्हता. पण मी ओळखला. चौतीस वर्षांत दोनदा ऐकलाय.

जिना कसा उतरलो ठाऊक नाही. गाडी हातभर मागे सरकली होती आणि पुढून खाली बसली होती. विटांचा चुरा. खाली तो, उताणा, छातीपर्यंत आत, डोकं तेवढं बाहेर. उजवा हात चासीखाली. ओरडत नव्हता. श्वास घेत होता, लहान लहान, कुत्रं घेतं तसा. डोळे उघडे. चष्मा बाजूला पडलेला, एक काच शाबूत.

पहार कोपऱ्यात होती. काढलेलं चाक आडवं टाकलं, त्यावर पहार टेकवली आणि अंगाचा सगळा भार दिला. शेजारचा बेकरीवाला कुंपणावरून उडी मारून आला. त्याला सांगितलं, मी म्हणेन तेव्हा ओढ, काखेत धरून, हाताला धरू नको. तीन बोटं उचलली असेल गाडी. जास्त नाही. तेवढी पुरली. मग दुसरं चाक पायाने आत ढकललं आणि पहार सोडली.

लेक दारात होती. फोन कानाला, पत्ता सांगत होती. आवाज एकदाही चिरकला नाही तिचा.

खांद्याखालचं हाड दोन ठिकाणी. कोपर चुरा. शनिवारीच ऑपरेशन झालं, चार तास. जीव वाचला.

२४ मार्च

बेकरीवाल्याने सगळ्या गल्लीत सांगितलंय. सकाळपासून लोक येतायत. अडुसष्टव्या वर्षी एकट्याने गाडी उचलली म्हणे. वाढवून सांगतायत. दुपारी टोळी आली. दातवाल्याने माझा हात दोन्ही हातांत धरला, डोळ्यांत पाणी. म्हणाला, तुम्ही नसता तर आमचा मित्र गेला होता. जमीनवाला म्हणाला, आम्ही दर रविवारी येतो, गप्पा मारतो, पण एकालाही गाडी कशावर उभी करायची ते ठाऊक नव्हतं, आमचीच लाज वाटते.

त्याला लाज वाटते! त्याने पाहिल्याही नव्हत्या त्या विटा.

मी मान हलवली. त्यांच्या कौतुकाला मान हलवली मी.

२५ मार्च

गॅरेज झाडलं. विटांचा चुरा पोत्यात भरून कचऱ्याच्या गाडीत दिला. लेक दवाखान्यात होती. कुणी नीट बघायच्या आत झाडला, हेही इथे लिहून ठेवतो. खिडकीतून किती स्पष्ट दिसत होत्या त्या, हे तिथे उभं राहून वर पाहिल्यावर कळलं. माझ्या खुर्चीची पाठसुद्धा दिसते खालून.

२७ मार्च

डॉक्टर म्हणाले, हाडं जुळतील. बोटांचं आत्ताच सांगता येत नाही. अंगठा हलतोय. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट नाही. बाकी दोन थोडी. हा माणूस दिवसभर गव्हाच्या दाण्याएवढे स्क्रू फिरवतो. फिरवायचा.

डेपोत मी माणसांना काय काय म्हणायचो. नालायक, हलकट, बिनडोक. एकूण एक शब्द आज एकेक करून स्वतःला लावून पाहिला. बिनडोक तेवढा बसत नाही. डोकं होतं. रविवारची वाट बघत होतं.

२९ मार्च, रविवार

आज टोळी आली नाही. शटर बंद.

संध्याकाळी लेक दवाखान्यातून आली, चपला न काढता माझ्या खोलीत बसली. आठ दिवसांत पहिल्यांदा रडली. म्हणाली, माझ्यामुळे झालं बाबा. मीच तुम्हाला गप्प बसवलं. नाहीतर तुम्ही खाली गेला असतात, विटा पाहिल्या असत्यात, तिथल्या तिथे काढायला लावल्या असत्यात. "तुम्ही पाहिलं असतंत तर माझंही ऐकलं नसतंत. एवढं मला माहीत आहे तुमचं."

मी तिच्या डोक्यावर हात ठेवला.

हात ठेवला आणि गप्प बसलो. याची मला आता सवयच झालीय.

३१ मार्च

झोप नाही. कुणाला हसू येईल असं काही उरलं नाही लिहायला. चष्मेवाला हा शब्द मागची पानं चाळताना किती वेळा आला ते पाहिलं. कुजकट म्हातारा. बायको असती तर तिने ही वही वाचून माझ्या तोंडावर फेकली असती, आणि बरं केलं असतं.

उद्या सांगून टाकायचं. आधी त्याला, मग तिला. तिने स्वतःला दोष देत राहायचं आणि मी लोकांकडून कौतुक करून घ्यायचं — इतका खाली तर मी नव्हतो. की होतोच?

१ एप्रिल

गेलो. तो बसता झालाय. हात गळ्यात बांधलेला, दुसरा चष्मा लावलेला, तो नाकावर तिरका. सरळ करावासा वाटला, केला नाही. लेक पलीकडून त्याची उशी सारखी करत होती. मी खुर्ची ओढली. शब्द जुळवत होतो, तेवढ्यात तोच बोलला. ओशाळून हसत, जशी काही चूक त्याचीच.

"बाबा, त्या विटांची मला जरा शंकाच होती. पण मी वर पाहिलं तर तुम्ही खिडकीत उभे होतात, बघत होतात. काही बोलला नाहीत. म्हणून तर निर्धास्त आत गेलो."

लेकीचे हात उशीवर थांबले.